सावलीवरचा ब्रेक

आधी एक लांब श्वास. मग त्याच श्वासात, ओठ जेमतेम हलवत म्हटलेलं "बिस्मिल्लाह". मग हनुवटीखालचा पट्टा ओढल्याची करकर. मी या जगात ऐकलेला पहिला आवाज हा. त्याआधी कारखान्यात, खोक्यात, जहाजात पुष्कळ खडखडाट झाला असेल. पण माणसाचं डोकं आत येईपर्यंत हेल्मेटला काही कळत नसतं. एकदा डोकं येऊन गेलं, की मग कायमचं कळायला लागतं.

तर मी एक हेल्मेट आहे, गाड्यांच्या शर्यतीतलं. आता माझे दोन तुकडे झालेत. केप टाउनबाहेरच्या ट्रॅकवर हेल्मेटं तपासणाऱ्या डॅफ्नी आंटीचं टेबल आहे, तिथे मी असतो. एका तुकड्यात ती पेनं आणि कात्री ठेवते. दुसरा ती नव्या पोरांना दाखवते. म्हणते, "बाहेरून बघ, कसं देखणं दिसतंय. आता आत बघ." पोरं आतल्या भेगा बघतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. भेगा कशा पडल्या ते ती सांगत नाही. ते मी सांगतो. सावकाश सांगेन. घाई मला जमत नाही, घाई माझ्या मालकाची होती.

मालकाचं नाव इगसान सॅमसोडीन. त्याचा थोरला भाऊ अच्मत. अ‍ॅथलोन या केप टाउनमधल्या वस्तीत अच्मतचं गॅरेज होतं, ठोकलेल्या गाड्या सरळ करायचं आणि रंगवायचं. तिकडे थोरल्या भावाला 'बूता' म्हणतात. इगसान तर म्हणेच, पण हळूहळू सगळी गल्ली अच्मतला बूता म्हणू लागली होती.

मला रंगवलं ते अच्मतने. गडद हिरवा रंग आणि कपाळावरून मागे गेलेली एक पिवळी रेघ. रंग वाळल्यावर इगसानने मला हातात धरून फिरवून पाहिलं.

"बूता, रेघ वाकडी आलीय."

"रेघ सरळ आहे. डोक्यावर घाल, मग वाकडी दिसेल."

असं त्यांचं चालायचं.

अच्मतला स्वतःला गाडी पळवायची होती. पण त्याच्या तरुणपणी त्याच्या रंगाच्या माणसाला ट्रॅकच्या कुंपणाआत यायचं तर झाडू घेऊन यावं लागे. तो बाहेर वाळूच्या ढिगावर उभा राहून शर्यती बघायचा. कायदे बदलले, तोवर त्याचे गुडघे गेले होते आणि घरात खाणारी तोंडं वाढली होती. मग त्याने धाकट्याला बसवलं. गॅरेजमध्ये पडून राहिलेल्या तीन मोडक्या गाड्यांची एक गाडी केली आणि इगसानला म्हणाला, "जा, चालव. मागे बघू नकोस, मागे मी आहे."

हे सगळं माझ्या आधीचं. गॅरेजमध्ये चहाच्या वेळी इतक्यांदा ऐकलं, की मी तिथे होतो असंच मला वाटतं.

मी आलो तेव्हा इगसान देशभरच्या मोठ्या शर्यतींत उतरला होता. त्या गाड्या बाहेरून रोज रस्त्यावर दिसतात तशाच दिसतात. दारं चार, दिवे दोन. पण आत गाद्या नाहीत, काही नाही, नुसता लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि एक खुर्ची. पोर्ट एलिझाबेथला वाऱ्याने गाडी ढकलली जायची. ईस्ट लंडनला समुद्राचा खारा वास थेट माझ्या अस्तरात बसायचा. जोहान्सबर्गकडे उंचावर हवा विरळ, तिथे इंजिन म्हाताऱ्यासारखं धापा टाकायचं आणि इगसान त्याला आतून समजावत राहायचा, "चल रे, चल, अजून थोडं."

त्या शर्यतींत एक रीत आहे. जो जिंकतो, त्याच्या गाडीत पुढच्या वेळी शिशाचं वजन घालतात, म्हणजे बाकीच्यांनाही संधी मिळावी. दुसरे मेकॅनिक ते वजन बसवताना शिव्या घालत. अच्मत मात्र शिशाची पाटी आधी फडक्याने पुसायचा, मगच बसवायचा. एकदा कुणीतरी हसलं, तर तो म्हणाला, "पुसतोय ते शिसं नाही. त्याला मी पदक समजतो."

आणि हेनी फूरी. उत्तरेकडचा गव्हाचा शेतकरी, लालबुंद, दारातून आडवा होऊन आत येणारा. इगसानचा सगळ्यांत जुना प्रतिस्पर्धी. शर्यतीआधी तो येऊन माझ्यावर टपली मारायचा.

"काय म्हाताऱ्या, आज परत माझं मागचं बंपर बघायला आलास?"

"तुझ्या तोंडापेक्षा ते बरं दिसतं, हेनी."

शर्यत संपली की हाच हेनी अच्मतच्या डब्यातली डाळीची भजी उभ्याउभ्या संपवायचा आणि वर विचारायचा, "बूता, तिखट कमी का केलंस? माझ्यावर दया आली का?"

अशी चांगली वर्षं गेली. मला वाटलं, अशीच जातील.

मग एका हिवाळ्यात, शर्यत सुटण्याआधी, सगळ्या गाड्या रांगेत उभ्या असताना इगसानने माझी काच खाली केली आणि डावा डोळा मिटला. नुसता उजवा उघडा ठेवला. त्याचा श्वास थांबला. मी त्याच्या श्वासावरच जगत होतो, त्यामुळे मला लगेच कळलं. त्याने डोळा उघडला, परत मिटला. मग हळूच म्हणाला, "नाही. धूळ असेल."

धूळ नव्हती. उजव्या डोळ्यावर एक राखाडी पडदा उतरत होता आणि महिन्यागणिक खाली येत होता.

त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, बूताला नाही. सरावाच्या दिवशी तो गाडीत बसून काहीतरी पुटपुटू लागला. मला वाटलं दुआ म्हणतोय. दुआ नव्हती ती. ड्रायव्हरांचे डोळे दरवर्षी तपासतात ना, त्या डॉक्टरच्या तक्त्यावरची अक्षरं होती. वरून खाली, खालून वर, तो पाठ करत होता. तपासणी झाली त्या दिवशी तो हसत आला आणि मला डोक्यावर चढवलं, पण त्याच्या कानशिलावरची शीर उडत होती. माझ्या अस्तरावर ती टकटक लागत होती.

एका डोळ्याने गाडी पळवायची म्हणजे मान वळवायची. उजवीकडचं बघायचं तर सगळं डोकंच उजवीकडे न्यायचं. आमच्याकडे ड्रायव्हरच्या खांद्यावर मानेचा एक आधार बसवतात. त्याचे दोन पट्टे माझ्या दोन्ही कानांमागे अडकवलेले असतात, म्हणजे धडक बसली तरी मान पुढे फेकली जात नाही. इगसान मान उजवीकडे वळवायचा तेव्हा डावा पट्टा ताणला जायचा आणि माझ्या रंगावर घासायचा. प्रत्येक फेरीत कितीतरी वेळा. घासून घासून डाव्या बाजूला हिरवा रंग गेला आणि खालचा करडा थर दिसू लागला, बोटाच्या पेराएवढा. इगसानला तो सापडला होता. हातात मला धरून उभा असला की त्याचा अंगठा नकळत तिथे जायचा.

माझ्या अंगावर त्याचं गुपित उमटलं होतं. वाचणारा कुणी नव्हता.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मोसमातली शेवटून दुसरी शर्यत, आपल्याच ट्रॅकवर. इगसान आणि हेनी, दोघांतला एक देशाचा विजेता होणार हे उघड होतं. कुंपणाला निम्मं अ‍ॅथलोन लटकलं होतं.

ट्रॅकच्या मागे एक लांब सरळ पट्टा आहे, आणि त्याच्या शेवटी आवळत जाणारं वळण. वळण किती दूर राहिलं ते सांगणाऱ्या पाट्या उजव्या हाताला आहेत. त्या पाट्या बघून ब्रेक दाबायचा. मान वळवल्याशिवाय इगसानला त्या दिसत नव्हत्या. म्हणून त्याने आदल्या दिवशीच्या सरावात दुसरी खूण धरली. पट्ट्याच्या डाव्या अंगाला निलगिरीचं एक उंच झाड आहे. त्याची सावली रस्त्यावर आडवी पडते. सावली आली की ब्रेक. डाव्या डोळ्याला ती लख्ख दिसायची. सरावात एकदाही चुकलं नाही. शर्यतीची वेळ तीच ठरलेली होती, तेव्हा सावलीही तीच असणार.

पण शर्यत सुरू झाली आणि थोड्याच वेळात कुणाचं तरी इंजिन फुटलं. रस्ताभर तेल. लाल झेंडे लागले. सगळ्या गाड्या परत येऊन उभ्या राहिल्या आणि माणसं तेलावर भुसा टाकत बसली. बराच वेळ गेला. अच्मतने खिडकीतून भजी आत दिली.

"खा. रिकाम्या पोटी हात थरथरतात."

"हात ठीक आहेत, बूता."

"मग तोंड का उतरलंय?"

इगसानने हातमोजा ओढून घट्ट केला. अच्मतने वाकून प्रत्येक चाकामागे बघितलं. ब्रेकच्या नळ्यांवरून बोट फिरवलं आणि गाडीच्या टपावर थाप मारली. "सगळं ठीक आहे. तू फक्त चालव."

सूर्य खाली गेला होता. उजेड पिवळा झाला होता. निलगिरीची सावली लांबली होती आणि सरकली होती, वळणाच्या दिशेने. मी काचेतून ते बघत होतो. इगसान पुढच्या गाडीचे दिवे बघत होता.

झेंडा पडला. पहिल्या फेऱ्या त्याने मान वळवून, पाट्या बघून काढल्या. पट्टा घासत होता, मला बरं वाटत होतं. मग तो हेनीच्या अगदी मागे आला. हेनीने डावीकडे जागा धरली, इगसान उजवीकडून त्याच्या बरोबरीला घुसला. दोन गाड्यांच्या मध्ये हाताचा तळवा मावला नसता. आता डावीकडे हेनी, आणि नजर हलवली की टक्कर. मान वळवायला जागाच नव्हती. त्याने सावली धरली.

मी ओरडलो. हेल्मेटला जेवढं ओरडता येतं तेवढं. माझ्या आत फक्त त्याचा श्वास होता, आणि तोही त्याने रोखून धरला होता.

सावली आली. त्याने ब्रेक दाबला. ब्रेक लागला. चारही चाकं किंचाळली, इतका लागला. पण वळण तोवर अंगावर आलं होतं. आमची गाडी सरळ गेली आणि वळू पाहणाऱ्या हेनीच्या दारावर आदळली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आकाश, वाळू, परत आकाश. पिंजऱ्याचा पाइप माझ्या उजव्या कानशिलावर बसला, आणि मी आतून तडकलो. त्याचं डोकं शाबूत राहिलं. त्यासाठीच मला केलं होतं.

त्याला बाहेर काढलं तेव्हा पलीकडे हेनीचा आवाज येत होता. हेनी शिव्या देत नव्हता, म्हणून मी घाबरलो. तो नुसता "पाय, पाय" म्हणत होता.

अच्मत वाळूतून लंगडत धावत आला. "इगी! इगी, काय झालं?"

इगसानने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "पेडल आत गेलं, बूता. ब्रेक लागलाच नाही."

गाडीचा पुढचा भाग चुरडला होता, ब्रेकच्या नळ्या तुटून लोंबत होत्या. कुणालाच काही ताडून बघता येणार नव्हतं. आणि त्या नळ्या सकाळी अच्मतने बसवल्या होत्या.

अच्मतच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघितलं. ते मला सांगता येत नाही.

त्यानंतर अच्मतला कुंपणाच्या आत यायला बंदी झाली, चौकशी पुरी होईपर्यंत. शेवटच्या शर्यतीच्या दिवशी निकाल देऊ म्हणाले. पण गल्लीने आधीच दिला. दोघेतिघे येऊन आपल्या गाड्या परत घेऊन गेले. कोपऱ्यावरच्या दुकानात कुणीतरी ओरडलं, "बूता, माझ्या सायकलचा ब्रेक बघतोस का? नको, नको, राहू दे, मला अजून जगायचंय!" लोक हसले. अच्मत पाव घेऊन घरी आला. हेनी दवाखान्यात होता. अच्मत भेटायला गेला तर त्याने भिंतीकडे तोंड केलं म्हणे.

आणि अच्मत गॅरेजमध्ये बसून उरलेल्या नळ्या हातात घेऊन बघत राही. एक एक जोड, परत परत. आपण कुठे चुकलो ते शोधत.

इगसान दारात येऊन उभा राही, सांगायला म्हणून तोंड उघडायचा, आणि म्हणे, "बूता, जेवायला चल."

एकदा आपटलेलं हेल्मेट परत कुणी घालत नाही. ते डॅफ्नी आंटीकडे द्यायचं, ती त्याचं तपासणीचं लेबल खरवडून काढते आणि करवतीने दोन तुकडे करायला लावते, म्हणजे कुणाच्या डोक्यावर चुकून चढू नये. देण्याआधी अच्मतने मला पुसायला घेतलं. शिशाला जसं पुसायचा तसं. पुसता पुसता त्याचा अंगठा माझ्या डाव्या बाजूला थांबला.

रंगाऱ्याचा अंगठा तो. रंग आपटून गेला की घासून, त्याला विचारावं लागत नव्हतं.

त्याने बराच वेळ त्या जागेकडे बघितलं. मग उठून मानेचा आधार आणला आणि स्वतःच्या खांद्यावर चढवला. आणि मला, पहिल्यांदाच, त्याने स्वतःच्या डोक्यावर घातलं. इतकी वर्षं एकदाही घातलं नव्हतं. त्याने डावीकडे मान वळवली. उजवीकडे वळवली. डावा पट्टा ताणला आणि नेमका त्या करड्या जागेवर येऊन बसला. तो तसाच उभा राहिला, मान उजवीकडे करून. मग त्याने सावकाश उजवा डोळा मिटला.

त्याचा श्वास इगसानसारखाच होता. तेच घराणं.

त्याने मला खाली काढलं. मला वाटलं, आता तो इगसानला हाक मारेल. त्याने फडताळातून हिरव्या रंगाची बाटली काढली, बारीक ब्रश घेतला, आणि ती करडी जागा झाकून टाकली. एक थर, वाळू दिला, दुसरा थर. इतकं बेमालूम, की माझं मलाच ओळखू येईना.

शेवटच्या शर्यतीचा दिवस आला. गाडी दुसऱ्या कुणी दुरुस्त केली होती. इगसान एका हातात नवं हेल्मेट आणि दुसऱ्या हातात मला घेऊन डॅफ्नी आंटीच्या रांगेत उभा होता. हेनी जवळच खुर्चीत बसला होता, पाय प्लास्टरमध्ये. कुंपणापलीकडे, जाळीत बोटं अडकवून, अच्मत उभा होता. बाजूला भजीचा डबा.

"पुढे या, आणि टेबलावर टेकू नका, ते तुमच्या बापाचं नाही," डॅफ्नी आंटी म्हणत होती. नवं हेल्मेट तपासून झालं. तिने लेबल बोटावर घेतलं. ते चिकटवण्याआधी ती प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारते, आणि प्रत्येकजण न ऐकताच हो म्हणतो.

"डोकं?"

"ठीक."

"मान?"

इगसानने मला टेबलावर ठेवायला उचललं होतं. त्याचा अंगठा सवयीने डावीकडे गेला. तिथे खड्डा नव्हता. गुळगुळीत होतं. त्याने मला तिरपं धरून उजेडात बघितलं. असा रंग या गावात एकच माणूस लावतो.

त्याने वर बघितलं, जाळीकडे. अच्मत त्याच्याकडेच बघत होता. अच्मतने मान हलवली, अगदी थोडी. नको, अशी.

मला बोलता येत असतं तर त्याच क्षणी बोललो असतो. आता सांगतो, नव्या पोरांनो, डोक्यावर काहीही चढवा, पण ते टेबल येईल तेव्हा तरी तीन प्रश्न ऐकून उत्तर द्या. आमच्यासारखे फक्त पाइप झेलतात. बाकीचं आम्हांला झेलता येत नाही.

"इगसान, मागे रांग आहे," डॅफ्नी आंटी म्हणाली. "मान?"

"ठीक आहे."

"डोळे?"

त्याने नवं हेल्मेट टेबलावरून स्वतःकडे ओढलं नाही.

"उजव्याने दिसत नाही, आंटी."

तिला आधी वाटलं, थट्टा करतोय. "आणि डाव्याने मी सुंदर दिसते का?"

"त्या दिवशीही दिसत नव्हतं. ब्रेक लागला होता. मीच उशिरा दाबला." मग त्याने आवाज चढवला, कुंपणापर्यंत पोचेल इतका. "बूताचा ब्रेक लागला होता! ऐकताय ना सगळे? लागला होता!"

डॅफ्नी आंटीने बोटावरचं लेबल परत पट्टीवर चिकटवलं.

हेनीच्या खुर्चीचा कर्र आवाज झाला. "मी त्या माणसाशी बोललो नाही," तो म्हणाला. "तो भेटायला आला आणि मी भिंतीकडे तोंड केलं. इगसान, हलकटा, मी भिंतीकडे तोंड केलं!"

इगसानने मला टेबलावर ठेवलं आणि कुंपणाकडे गेला. जाळीला चिकटून उभा राहिला. दोघांच्या मध्ये एवढीशी तार.

"बूता," तो म्हणाला. "बूता, काहीतरी बोल."

अच्मतने त्याच्या उजव्या डोळ्याकडे बघितलं, मग डाव्या. मग एकेक करून जाळीतून बोटं सोडवली, वाकून भजीचा डबा उचलला, आणि बाहेर लोकांच्या गाड्या उभ्या होत्या त्या दिशेने लंगडत चालत गेला.